गुडघ्यांचा उपास

पूर्णा गावातल्या आमच्या घरातली जेवायची खोली पूर्वी मी सजवली होती. गुलाबी भिंती, टेबलाला चकचकीत सनमायका, त्यावर प्लास्टिकची द्राक्षं आणि सफरचंदं. येणारा माणूस दारातच थबकायचा. मला वाटायचं, कौतुकानं थबकतो. सून म्हणाली, "आत्याबाई, डोळे दिपतेत म्हणून थांबतेत."

गेल्या वर्षी तिनं ती खोली बदलायला काढली. मोबाइलवर फोटो दाखवले. मातीच्या रंगाच्या भिंती, पॉलिश न केलेलं लाकूड, कोपऱ्यात रांजण आणि रांजणात पाणी नाही.

"हा कुणाचा गोठा हाय?" मी विचारलं.

"हैदराबादचं हॉटेल हाय ते. साधे रंग, गावरान लूक. सध्या हेच चालू हाय."

रंगारी येऊन भिंती मातकट करून गेला. मी मुलाला म्हणाले, "अस्तर चांगलं बसलंय. रंग कधी लावनार?"

"आई, हाच रंग हाय."

रंगाचं एक वेळ चाललं. घोटाळा झाला तो बैठकीवरून. सुनेला टेबल काढून बुटका चौरंग आणि भोवती चटया टाकायच्या होत्या. तिनं मला आधी विचारलं होतं, खोटं कशाला बोलू? "आत्याबाई, तुमाला खाली बसायला जमंल का? न्हाई तर ऱ्हाऊ द्या टेबल."

माझे गुडघे कधीच कामातून गेलेत. 'नाही' म्हटलं की विषय संपला असता. पण आदल्याच दिवशी मी तिला सुनावलं होतं, की आजकालच्या पोरींना मांडी घालून भाकरी थापता येत नाही, ओटा लागतो. आता कुठल्या तोंडानं नाही म्हणू? "जन्म खालीच गेला माझा. मला काय इचारतीस?" म्हणाले. टेबल झरीला पुतण्याकडे गेलं.

पहिल्या दिवशी खाली बसले. म्हणजे पडलेच, पण ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. जेवण झालं, सगळे हात धुवून उठले, मी आपली चटईवर काहीतरी शोधत असल्यासारखी बसून राहिले. शेवटी फोटोतल्यासारखाच कोपऱ्यात आणून ठेवलेल्या रांजणाला धरून उठायला गेले. तो रिकामा, माझ्याआधी तोच आडवा झाला.

दुसऱ्या दिवशी जेवायची हाक आली आणि तोंडातून निघून गेलं, "मला उपास हाय." उपासाचं माणूस पंगतीत बसत नाही, खाटेवर बसून फराळ करतं. सोमवार होता, निभावलं. मंगळवारी मंगळवार धरला. मग गुरुवार, शनिवार, चतुर्थी. जन्मात कधी एकादशी न केलेली बाई मी. शेजारणी माझ्या पाया पडायला लागल्या आणि मी पडू दिलं. सून साबुदाणा भिजवून कंटाळली, पण देवाच्या मध्ये कशी पडणार? मी खाटेवर भगर चिवडत बसायची आणि पलीकडे माझीच माणसं ज्वारीची भाकरी मोडत हसत-खिदळत असायची. माझ्यावाचून त्यांचं काही अडत नव्हतं. भगरीपेक्षा हे पचायला जड होतं.

असल्याच एका गुरुवारी चुडाव्याहून विहीणबाई आल्या. सुनेची आई, वयानं माझ्या बरोबरीची. मनात म्हटलं, बघू आता ही कशी बसते. ती दारात उभी राहून म्हणाली, "का गं, चोरी झाली का? सामान कुठं गेलं?"

लेकीनं चटई दाखवली.

"मी न्हाई बसत बाई. मला उठवायला गाव गोळा करावं लागंल. खुर्ची आण."

सून "बरं" म्हणाली आणि गच्चीवरची निळी प्लास्टिकची खुर्ची घेऊन आली. संपलं. कुणी हसलं नाही, कुणाचं नाक कापलं गेलं नाही.

वांग्याच्या भरताचा वास माझ्या खाटेपर्यंत आला. विहीणबाईनं हाक मारली, "या की विहीणबाई, जेवायला!"

"त्यांचा गुरुवार हाय," सून म्हणाली.

"गुरुवार? परवा फोनवर तर मंगळवार म्हनलीस. एवढे उपास? लगीन जमायचंय का त्यांचं?"

मुलाला ठसका लागला. मी खाटेवरूनच ओरडले, "मला बी खुर्ची आण!"

"आन उपास?" सुनेनं विचारलं.

"उपास मला न्हाई, गुडघ्याला हाय."

सून डोळे मोठे करून बघत राहिली. "आत्याबाई, किती भगर निवडली मी! तोंडानं सांगायला काय झालतं?"

लाल खुर्ची आली, ताट मांडीवर घेतलं आणि दोन भाकऱ्या खाल्ल्या.

त्या दोन खुर्च्यांनी खोलीचा लूक गेला, असं सून म्हणते. म्हणून तिनं दोन्हींना गोणपाटाच्या खोळी शिवल्या. बसलं की टोचतं. या वेळी मात्र मी बसल्या बसल्याच सांगून टाकलं.