आत्याचा मान

आमच्या घराण्यात हट्टी माणसांची कधी वाण नव्हती, पण माझी चुलतआजी बायनाबाई हिची सर कुणालाच नाही.

निजामाचा अंमल होता तेव्हाची गोष्ट. बायनाबाई धनगराची विधवा. शंभरेक मेंढरं आणि चार शेळ्या घेऊन पाटोद्याच्या माळावर राहायची. एकदा मेंढरं सरकारी कुरणात शिरली आणि तिच्यावर तहसीलीत मुकदमा लागला. तहसीलदार मोहिउद्दीन साहेब मूळचे हैदराबादचे. लाच तर सोडाच, कामानिमित्त गेले तर कुणाच्या घरचं पानही खायचे नाहीत. त्यांनी जातीनं जाऊन कुरणाचं कुंपण पाहिलं, ते आधीच मोडलेलं होतं. बाईला ताकीद देऊन सोडायचं साहेबांच्या मनात आहे, असं शिपाई धोंडीरामनं तिला हळूच सांगूनही टाकलं.

तारखेला आठ दिवस उरले आणि साहेबांच्या घरी लेक जन्मली. आई तापानं फणफणलेली, अंगावर दूध नाही, आणि गाईचं दूध लेकराला सोसेना. हकीम म्हणाले, शेळीचं पाजा. ऐन उन्हाळ्यात गावच्या शेळ्या आटलेल्या. दुभत्या होत्या त्या फक्त बायनाबाईच्या. साहेब स्वतः तांब्या घेऊन माळावर आले.

“बाई, रोज शेरभर दूध पाहिजे. भाव बोला.”

“दूध इकत न्हाई मी, सायेब. दूध इकणं आन् पोटचं लेकरू इकणं सारखंच. तसंच घेऊन जावा.”

“फुकट? तुमचा मुकदमा माझ्यासमोर आहे. फुकट घेतलं तर ती रिश्वत झाली. हराम आहे ते.”

“आन् मी पैका घेतला तर माझ्या शेळ्या आटतील!”

ही पैसे घेईना, ते फुकट नेईनात. दोघंही पापाला भिणारी, आणि त्यांच्या पुण्यापायी लेकरू उपाशी! मला तर हे सांगतानाही दोघांचा राग येतो. धोंडीरामनं मध्येच अक्कल पाजळली, पैसे देवळात टाका म्हणाला.

“का म्हून? देव काय माझा मुनीम हाय?” बाई त्याच्यावर खेकसली.

साहेब रिकामा तांब्या घेऊन वळले. त्यांचे डोळे भरून आलेले बायनाबाईला दिसले.

“थांबा,” ती म्हणाली. “भाचीला आत्यानं दूध पाजलं तर त्याला लाच म्हनत्यात का?”

“नाही.”

“मंग मी तिची आत्या. आजपासनं तुमी माझे भाऊ.”

थोरल्या बहिणीला हाक मारावी तसे साहेब म्हणाले, “आपा, भाऊ झालो तर तुमचा फैसला मला करता येणार नाही. मुकदमा बीडला पाठवावा लागेल. तिथं काय होईल, सांगता येत नाही.”

“व्हायचं ते हुईल. आदी तांब्या द्या हिकडं.”

लेक जगली. मुकदमा बीडला गेला. मेंढरांनी सरकारी गवत खाल्लं का, असं तिथल्या अधिकाऱ्यानं विचारलं.

“खाल्लं की! लई ग्वाड गवत,” बायनाबाईनं सांगितलं. खोटं बोलायचं तर तिच्या जिवावर यायचं. दंड झाला, आणि तो भरायला तिला कळपातल्या दोन चांगल्या मेंढ्या बाजारात विकाव्या लागल्या. त्या दिवशी ती जेवली नाही.

महिन्याभरानं साहेबांचं बोलावणं आलं. आपल्याकडे बाळाचं नाव आत्या ठेवते, म्हणून पाळणा सजवून ते तिची वाट पाहत होते. तिनं नाव ठेवलं, साखरा. साहेबांनी तिच्या हाती लुगडं-चोळी दिली आणि अंगणाकडे बोट दाखवलं. तिथं दोन मेंढ्या बांधलेल्या होत्या. तिच्याच!

बायनाबाई भडकली. “हे दुधाचं मोल हाय! मी घ्यायची न्हाई.”

“हा आत्याचा मान आहे, आपा,” साहेब शांतपणे म्हणाले. “तुमच्याकडे तो परत करतात का?”

मान परत करणं म्हणजे भावाचं तोंड काळं करणं. दोन्ही मेंढ्यांच्या दोऱ्या धरून ती माळाकडे निघाली. वाटभर हसत होती आणि पदरानं डोळे पुसत होती.

“माझाच रिवाज माझ्यावर उलटिवला,” ती मेंढ्यांना सांगत होती. “भाऊ शोभतो खरा.”