तक्ता तिला पाठ होता

डॉक्टरांनी जुईचा उजवा डोळा झाकला आणि समोरचं अक्षर विचारलं. साडेसात वर्षांची माझी मुलगी म्हणाली, "कौनसा अक्षर?" अक्षर चांगलं तळहाताएवढं होतं. मी तिच्यावरच डाफरले, "नाटकं करू नकोस!"

"बच्ची सच कह रही है," डॉक्टर म्हणाले.

डोळे तपासून घ्या अशी शाळेतून चिठ्ठी आली म्हणून जगतपुऱ्यातल्या घरून ऑटोने आलो होतो, तेही कुरकुरत. जुईचे पप्पा इंजिन ड्रायव्हर. रेल्वे त्यांच्या दोन्ही डोळ्यांची नजर ठरावीक वर्षांनी तपासते. त्या धास्तीने त्यांनी घरीच अक्षरांचा तक्ता लावलेला. जुई तो शेवटच्या ओळीपर्यंत धडाधड म्हणायची आणि आम्ही पाहुण्यांपुढे मिरवायचो, पोरीची नजर घारीची! तक्ता तिला पाठ होता. एक डोळा झाकून बघावं, हे कुणालाच सुचलं नाही. ज्या घराची भाकरी नजरेवर, तिथेच दिव्याखाली अंधार.

आजाराचं नाव अँब्लिओपिया, म्हणजे आळशी डोळा. डाव्या डोळ्याचा नंबर फार होता, म्हणून मेंदूने त्याच्याकडून काम घेणंच सोडलं होतं. "तीन-चार साल की थी, तब लाते तो..." डॉक्टरांनी वाक्य अर्धंच ठेवलं. मला ते पुरतं कळलं.

चष्मा लागला. चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी. पहिल्या आठवड्यात ती दारावर आपटली, ताटातली भाजी चाचपडत जेवली. दोनदा मलाच बघवेना, मी वेळेआधी पट्टी काढली. त्याचा स्वतःवर अजून राग येतो.

"तू कधी सांगितलं का नाहीस गं?" एकदा विचारलं.

"मला वाटलं, सबका एकच डोळा चालतो."

म्हणून सांगते, मूल तक्रार करेल याची वाट बघू नका. त्याला दुसरं काही माहीतच नसतं. तीन-चार वर्षांचं झालं की डॉक्टरांकडून एकेक डोळा तपासून घ्या. घरच्या परीक्षेवर विसंबू नका.

वर्षभरात नजर बरीच सुधारली, मग अडली. डॉक्टर म्हणाले, आता बहुधा एवढंच. जे मिळालं ते त्यांच्यामुळे, आणि त्यांनी खोटी आशा दाखवली नाही, याचेही उपकार आहेत.

त्या दिवशी पप्पाही बरोबर होते. परतताना ऑटोत जुईने त्यांना विचारलं, "मी मोठी झाले की इंजिन चालवू शकेन?"

हो म्हणून वेळ मारून नेता आली असती.

"नाही, बेटा," ते म्हणाले. "आणि चूक तुझी नाही. आमची आहे."