वीस आकडे

पन्नासच्या दशकात रत्नागिरीत माझा छोटा स्टुडिओ होता. बोटीवर नोकरीला जाणारे खलाशी कागदपत्रांसाठी फोटो काढायला यायचे, लग्न ठरलेल्या मुली यायच्या. पावसाळ्यात मात्र कुणी फिरकत नसे. तेव्हा मी लाकडी कॅमेरा, तिकाटणं आणि काचेच्या प्लेटा घेऊन धबधब्यांच्या मागे लागायचो.

धबधब्याचा फोटो पटकन काढला की पाणी फुटलेल्या काचेसारखं दिसतं. मला ते दुधासारखं, संथ उतरलेलं हवं असे. त्यासाठी भिंगाचं भोक अगदी बारीक करायचं, टोपण काढायचं आणि आकडे मोजत उभं राहायचं. दहा, पंधरा, कधी वीस. तेवढा वेळ काही हलता कामा नये.

त्या श्रावणात माझा शाळेपासूनचा मित्र सुट्टीवर घरी आला होता. तो बोटीवर काम करायचा. पुढच्या महिन्यात त्याला पुन्हा निघायचं होतं. "तुझं ते दूध बघायचंय मला," म्हणाला आणि छत्री घेऊन माझ्याबरोबर निघाला. संगमेश्वरपर्यंत यष्टीने गेलो, एका ओळखीच्या घरी मुक्काम केला आणि सकाळी सह्याद्रीच्या पायथ्याचा एक पऱ्या धरून वर चालत राहिलो. पऱ्या म्हणजे पावसाळी ओढा, पण हा एखाद्या नदीसारखा गरजत होता. धबधब्यापाशी पोचलो तर शेजारी उभं राहून बोललेलं ऐकू येईना. झाडी इतकी दाट की सकाळी दहा वाजता दिवेलागणीसारखा उजेड. सगळीकडे कुजक्या पानांचा वास. मला तिथे बरं वाटत नव्हतं, पण उजेड हवा तसाच होता.

दोन प्लेटा काढल्या. मग वाटलं, माणूस उभा असल्याशिवाय या कड्याची उंची कळायची नाही. पात्रात काठापासून आठदहा हातांवर एक सपाट धोंडा होता. मित्र पाण्यातून चाचपडत तिथे गेला.

आमच्या मागे, चढावर, इरलं पांघरलेली एक बाई म्हशी चारत होती. ती म्हशींना घाईघाईने वर हाकलू लागली. मध्येच थांबून तिने हात हलवले, काहीतरी ओरडली. मीही हात हलवला. मला वाटलं, ओळख दाखवतेय.

काळ्या कापडाखाली डोकं घालून मी काचेवर बघितलं. धबधबा बारीक झाला होता. जाड पडद्याच्या जागी आता पाच-सहा धारा उरल्या होत्या, आणि त्यांच्यामधून काळा कातळ दिसत होता. मला आनंद झाला. इतकं नाजूक पाणी मी कधी टिपलं नव्हतं.

मित्र ओरडला, "अरे, पाणी उतरतंय! पाऊस तर थांबला नाय!"

"उतरू दे. बरंच आहे. आता हलू नकोस, वीस मोजतो."

टोपण काढलं. एक, दोन, तीन. धबधब्याची गर्जना ओसरत गेली. सातपर्यंत पानांवरून गळणारे थेंब ऐकू येऊ लागले. एकही पाखरू बोलत नव्हतं. आणि अकराला त्या बाईचा आवाज मला स्वच्छ ऐकू आला.

"भायर ये रे! वर या, वर या!"

मी मोजत राहिलो. हे मी पुढे कितीतरी वर्षं कुणाला सांगितलं नाही. बारा, तेरा. मोठ्याने मोजत होतो. मित्र समोर ताठ उभा होता. वीस झाल्यावर मी टोपण लावलं, प्लेटीची पेटी बंद करून काढली, छातीशी धरली, आणि मगच त्याला "ये" म्हणालो.

तोवर वरून चिखलाचा वास आला होता. त्याने उडी टाकली. तेवढ्यात कड्यावरून तांबडं पाणी आलं. त्यात धोंडे होते, मुळांसकट उपटलेली झाडं होती. तो काठाच्या मुळाला लटकला होता, पण त्याचा एक पाय दोन दगडांत सापडला. ती बाई म्हशीचं दावं घेऊन धावत खाली आली. आम्ही दोघांनी त्याला ओढून काढलं. तो ओरडला नाही. कॅमेरा तिकाटण्यासकट गेला.

नंतर गावकऱ्यांनी सांगितलं, वर दरड कोसळून पाणी तुंबलं होतं. पऱ्या एकदम आटला की पळायचं, हे तिथल्या पोरासोरांनाही ठाऊक होतं.

डोलीतून आणि मग मालाच्या लॉरीतून त्याला रत्नागिरीला आणलं. पाय वाचला, पण आखूड राहिला. बोटीच्या डॉक्टरने त्याला नापास केलं. पुढे तो बंदरावर जाळी दुरुस्त करायला बसू लागला.

ती प्लेट मी दोन महिन्यांनी धुतली. तो अगदी रेखीव आला होता, सदऱ्याची बटणंसुद्धा मोजता यावीत इतका. त्यानेच मागितली म्हणून एक प्रत त्याच्या घरी घेऊन गेलो. त्याच्या बायकोने ती बराच वेळ हातात धरली.

"भाऊ, यात पाणी कुठाय?" तिने विचारलं.

खरंच नव्हतं. काळा कडा होता, त्यावर धुरासारख्या दोन-चार रेषा, आणि पुढे तो. ती आत गेल्यावर मी त्याला सांगून टाकलं, की त्या बाईची हाक मला अकराव्या आकड्याला ऐकू आली होती.

"मलाही आली होती," तो म्हणाला.

"मग हललास का नाहीस?"

"तू मोजत होतास ना."

त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं. त्याने चहा मागवला, बंदरावरच्या गोष्टी काढल्या. आमची मैत्री तुटली नाही. संध्याकाळी स्टुडिओच्या पायरीवर येऊन तो बसायचा. मात्र त्यानंतर त्याने माझ्याकडून कधी फोटो काढून घेतला नाही, आणि मीही त्याला कधी उभं राहा म्हटलं नाही.