बेअरिंग गेलेला जॅझ

आमच्या सोसायटीची पाण्याची मोटर माझ्यामुळे जळाली, असं आजही सांगितलं जातं. हे साफ खोटं आहे. ती माझ्या रसिकतेमुळे जळाली.

गोष्ट नव्वदच्या दशकाच्या अखेरीची. मी सातपूरच्या एका कारखान्यात क्वालिटी खात्यात होतो. दिवसभर दुसऱ्यांच्या कामात खोट काढायची आणि घरी आल्यावर शेजाऱ्यांच्या आवडीत, असा माझा दिनक्रम! माझा मित्र दिनेश मालवाहू बोटीवर इंजिनिअर होता. दर सुट्टीला तो पिशवीभर कॅसेट आणायचा. निम्म्या आफ्रिकेतल्या, त्यात ढोल, गिटार आणि बायकांचे खणखणीत आवाज. उरलेल्या जॅझच्या, पण साधा जॅझ नव्हे, जॅझवाल्यांनाही झेपत नाही असला जॅझ! तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा मलाही काही कळलं नव्हतं. (हे मी आज प्रथमच कबूल करतोय.) पण अख्ख्या नाशकात कुणालाच कळणार नाही अशी वस्तू आपल्या हाती लागली आहे, एवढं मात्र लगेच कळलं. असली संधी कोण सोडतो?

आणि शेजारी तरी कसे! पहिल्या मजल्यावरचे पाटणकर बँकेत होते. अकरा वर्षं एकच भावगीतांची कॅसेट ऐकत होते आणि तिच्यातला कोणता शब्द कुठे अडकतो तेही त्यांना पाठ होतं. गांगुर्डे सर शाळेत शिकवायचे. त्यांना बासरी आवडायची, कारण तिने झोप चांगली लागते! सोसायटीचे सेक्रेटरी निकम यांचा संगीताशी संबंध दारावरच्या बेलपुरता, आणि तिचेही सेल उतरलेले. या मंडळींना सुधारणं माझं कर्तव्यच होतं.

म्हणून मी सोसायटीच्या फलकावर, पाण्याच्या वेळापत्रकाशेजारी, दर सोमवारी शिफारशी लावू लागलो. 'या आठवड्याचं श्रवण : पश्चिम आफ्रिकेतलं ढोलवादन. पहिली बाजू दोनदा ऐकावी. पाय हलल्यास हरकत नाही.' पुढच्या सोमवारी, 'मुक्त जॅझ. सुरुवातीची वीस मिनिटं धीर धरावा.' त्याखाली कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलं, 'मग काय होतं?'

अडाणी! कॅसेट न्यायला कुणी येईना, तेव्हा मीच त्या घरोघर पोचवू लागलो. पाटणकरांनी एक चार दिवसांत परत आणली.

"छान होती हो," ते म्हणाले, "पण आमच्या टेपनं खाल्ली वाटतं. आवाज कसातरीच येत होता."

"पाटणकर, तो आवाज तसाच आहे."

"अरेरे!" ते म्हणाले. इतक्या कळवळ्यानं, की जणू माझ्या घरात कुणी आजारी होतं.

आता आमच्या घराची रचना सांगायला हवी. आम्ही तळमजल्यावर, आणि हॉलच्या भिंतीपलीकडे पंपाची खोली. माझा जॅझ ऐकून दोनदा निकम तिसऱ्या मजल्यावरून धावत खाली आले होते. मोटर बिघडली समजून त्यांनी ती बंद केली, सगळी सोसायटी अंघोळीवाचून राहिली, आणि मग कळलं की आवाज माझ्या घरातला. दुसऱ्या वेळी ते दारातच म्हणाले, "यापुढे काहीही ऐकू येऊ दे, मी खाली येणार नाही!" मी त्यांना संगीतद्वेष्ट्यांच्या यादीत टाकलं आणि ते वाक्य विसरलो.

मग आला तो रविवार. सकाळी दहाला मी घरी 'श्रवणसत्र' ठेवलं होतं. पाटणकर आले, गांगुर्डे सर आले. (सुनंदा, म्हणजे माझी बायको, साबुदाणा वडे करते हे त्यांना माहीत होतं.) तिसरे श्रोते माझे सासरे, आण्णा. आदल्या दिवशीच निफाडहून आले होते. द्राक्षांची बाग, दोन विहिरी, त्यांवर पाण्याच्या चार मोटरी असा त्यांचा संसार. जावयाच्या घरी नाही कसं म्हणायचं, म्हणून टोपी मांडीवर घेऊन बिचारे सतरंजीवर बसले होते.

मी आधी वीस मिनिटं बोललो. मग टेप लावला. सॅक्सोफोन किंचाळू लागला, ड्रम कोसळू लागले. गांगुर्डे सरांनी डोळे मिटले. ते तल्लीन झाले असं मी समजलो, पण लवकरच घोरण्याची साथ मिळाली. मीही डोळे मिटून मान डोलवत राहिलो. आणि मग, अहाहा! बाकीची वाद्यं हळूच मागे सरली आणि एक लांबलचक, खरखरीत, जीव पिळवटणारा सूर एकटाच उरला.

"पाव्हणं," आण्णा हळूच म्हणाले, "बेअरिंग गेलं हाय."

मी एक डोळा उघडला. "कुणाचं?"

"मोटरीचं. आयका ना, कशी घासती."

"आण्णा," मी अत्यंत सोशिकपणे म्हणालो, "याला मुक्त जॅझ म्हणतात. वादक इथे सुरांची चौकट मोडतोय."

"चौकट नाय वो, बेअरिंग मोडतंय! लय तापली आसंल. बंद करून येतो." ते उठू लागले. मी त्यांचा हात धरून त्यांना खाली बसवलं! विहिरीत उतरून मोटर दुरुस्त करणाऱ्या माणसाला मी, फ्यूज बदलायलाही वायरमन बोलावणारा, सांगत होतो, "ऐकायला शिकायला हवं, आण्णा."

सूर चढत गेला. पाटणकर नाक वर करून म्हणाले, "काहीतरी जळतंय का?"

"हीच तर या वादनातली आग!" मी म्हणालो.

तेवढ्यात 'फट्ट' असा आवाज झाला आणि सगळं शांत. मी भारावलो. "वा! काय शेवट केलाय!" म्हणत टाळी वाजवली. (एकट्यानंच.)

सुनंदा वड्यांची ताटली घेऊन दारात उभी होती. "अहो," ती म्हणाली, "टेप केव्हाचा बंद पडलाय."

खरंच बटण वर आलं होतं. बाजू संपून दहा-बारा मिनिटं तरी झाली असावीत. भिंतीपलीकडून काळा धूर खिडकीत आला. आण्णा उठले, टोपी घातली आणि पंपाच्या खोलीकडे गेले.

दोन मिनिटांत निकम खाली. "अहो, मी वर ऐकत होतो! वाटलं, तुमचं ते चाललंय!" एवढं बोलून ते पायरीवरच बसले. त्यांच्या मुलीचा, वैशालीचा, संध्याकाळी पाच वाजता गच्चीवर साखरपुडा होता. साठ पाहुणे. आणि टाकीत थेंब नाही. मागोमाग वैशालीच जिन्यात आली. डोक्यावर शिकेकाईचा फेस, डोळे घट्ट मिटलेले. "काका, तुमच्याकडे भरलेलं असेल तर एक बादली द्या ना," ती म्हणाली. ती चिडली असती तर बरं झालं असतं. तिनं 'द्या ना' म्हटलं आणि मला भिंतीत शिरावंसं वाटलं.

घरातलं सगळं पाणी मी वर पोचवलं. मग समोरच्या सोसायटीतून हंडे, बादल्या, कुकरसुद्धा भरून तीन मजले चढू लागलो. पाटणकर आणि आता जागे झालेले गांगुर्डे सरही मदतीला आले. अकराव्या खेपेला पाटणकर धापा टाकत म्हणाले, "एक विचारू? ती आग वगैरे म्हणालात, ती टेपमधली की..."

"पाटणकर, बादली उचला."

आण्णांनी मोटर खोलून पाहिली. "वायंडिंग जळालं. रविवारी कोण भरून दील?" म्हणत त्यांनी कोपऱ्यावरच्या बूथवरून निफाडला फोन लावला. अडीच वाजता त्यांच्या चुलतभावाची जीप मळ्यातली जादा मोटर घेऊन हजर! आण्णांनी धोतर खोचलं, पाइप जोडला आणि साडेतीनला वरच्या टाकीत पाणी पडल्याचा आवाज आला. अख्खी सोसायटी जिन्यात उभी राहून तो आवाज ऐकत होती. इतके तन्मय श्रोते मला कधीच मिळाले नव्हते. साखरपुडा वेळेवर झाला. निकमांनी पहिला मानाचा नारळ आण्णांना दिला. मला पंगतीत पाणी वाढायचं काम दिलं.

दुसऱ्या दिवशी निघताना आण्णा चपला घालता घालता म्हणाले, "पाव्हणं, ती ढोलाची कॅसेट द्या. बागंत द्राक्षाचं मणी भरलेत, खायला पाखरं लय येत्यात."

मला गहिवरून आलं. ढोलाची दिलीच, शिवाय जॅझचीही एक पिशवीत कोंबली. पंधरा दिवसांनी त्यांचा फोन आला.

"ढोलानं काय पाखरं हालली नाय. पण कामाला आलेल्या बायका खूश! कॅसेट चालू आसली की हात भराभरा चालत्यात. ती कॅसेट आता त्या बायांनीच ठेवून घेतली."

"आणि ती दुसरी, जॅझची?"

"ती लावली आन् एक पाखरू ठरंना! समदी उडून शेजारच्या बागंत. आता तो शेजारी रोज घरी येतो. म्हणतो, काय वाटंल ते करा, पण जावयाकडून मला एक तसलीच कॅसेट आणून द्या."

मी त्याच दुपारी नवी कोरी कॅसेट विकत आणून प्रत करायला बसलो. पाखरांना घालवायला का होईना, माझी शिफारस कुणीतरी आपणहून मागितली होती!