उडीचा खोका

लादी पुसणाऱ्या बाईकडे कोणी बघत नाही. म्हणून तिच्यासमोर माणसं पडतात, खोटं बोलतात आणि उठून केस नीट करतात. अंबरनाथ पूर्वेच्या त्या जिममध्ये मी सहा वर्षं पोछा मारला. किस्से शोधायला लागले नाहीत, गळक्या नळाखालच्या बादलीसारखे आपोआप भरत गेले.

तिथं काम धरलं त्याला कारण होतं. माझी वैशाली पोलीस भरतीला उतरली होती. धावण्यात पुढे, गोळाफेकीत बरी, पण लांब उडीत मार्क गेले आणि यादीतून नावच गेलं. वयाच्या हिशोबानं आता एकच भरती उरली होती. उडी वाढवायची तर जिम लाव, असं तिला कोणी तरी सांगितलेलं. मेंबर होणं आम्हाला झेपणारं नव्हतं, म्हणून मी झाडू घेऊन आत शिरले.

*

आमचे ट्रेनर विकी सर. दंड मांडीएवढे आणि मांड्या दंडाएवढ्या. त्यांनी कुठल्याशा परदेशी मासिकात फोटो बघितला. एक माणूस जमिनीवरून दोन्ही पायांनी थेट उंच लाकडी खोक्यावर उडी मारतोय. सर म्हणाले, याला बॉक्स जंप म्हणतात, पायात स्प्रिंग येते.

मालक हरेशशेठनी लगेच कॅम्प दोनच्या फर्निचर बाजारातल्या मिस्त्रीला ऑर्डर दिली. हा मिस्त्री लग्नाचं फर्निचर बनवणारा. त्याला फक्त सांगितलेलं, मजबूत पाहिजे आणि दिसायला भारी पाहिजे. त्यानं दोन्ही केलं. गुडघ्याच्या वर येईल असा खोका, पुढं दार, दाराला कुलूप, आत कप्पा. आणि वर चकचकीत सनमायका, गुलाबाच्या डिझाईनचा. शेठ दाराकडे बघत राहिले तर मिस्त्री म्हणाला, आत रिकामं कशाला सोडायचं, चादरी ठेवा.

पहिली उडी सरांच्या लाडक्या मेंबरनं मारली. पाय सनमायकावर टेकले आणि पुढं निघून गेले. माणूस मागं राहिला.

तो लादीवर पाठ धरून पडलेला, आणि मिस्त्री वाकून बघतोय ते सनमायकाला.

"शूज निकालके चढना था ना. स्क्रॅच आ गया."

*

मग दुसरा खोका आला, साध्या लाकडाचा. घसरणं थांबलं, आवाज सुरू झाला. जिम पहिल्या मजल्यावर आणि बरोबर खाली दाताचे डॉक्टर.

एक दिवस डॉक्टर हातमोजे घालूनच वर आले. ओरडले नाहीत, त्यानंच जास्त भीती वाटली. म्हणाले, "तुमची माणसं उडी मारतात तेव्हा माझ्या हातात ड्रिल असतं."

सरांनी अगदी मनापासून विचार केला. "डॉक्टर, आम्ही तीन-तीनचा सेट मारतो. तिसऱ्यानंतर रेस्ट असते. तुम्ही ड्रिल तेव्हा चालवा."

डॉक्टर एवढे शिकलेले, पण त्यांनी ऐकलं. महिनाभर खाली पेशंट तोंड उघडं ठेवून तीन मोजत बसायचे.

*

दसऱ्याला सगळ्या मशिनींची पूजा झाली. खोक्यालाही हळदकुंकू, झेंडूचा हार, वर नारळ. दुसऱ्या दिवशी एकही जण त्यावर चढायला तयार नाही. पूजलेल्या वस्तूला पाय कसा लावायचा? दहा-बारा धडधाकट पुरुष खोक्याभोवती गोल उभे, जसा काही आत साप आहे.

सर माझ्याकडे वळले. "मावशी, तुम्ही चढा ना आधी. तुम्हा लोकांना चालतं."

आम्ही बौद्ध आहोत हे त्यांना एरवी, चहाचा कप वेगळा ठेवताना, आठवायचं. त्या दिवशी कामासाठी आठवलं.

मी नारळ उतरवला, हार काढला, चढले. वर उभी राहिले आणि म्हटलं, "आता जोडा हात."

दोघांनी जोडलेसुद्धा.

*

दुपारी बारा ते चार जिम बंद असायची. ती माझी साफसफाईची वेळ, आणि वैशालीची उडीची. सर सकाळी मेंबरना जे ओरडून सांगायचे ते मी पोछा मारता मारता ऐकायचे आणि दुपारी हिला सांगायचे. गुडघे आत वळू द्यायचे नाहीत. उतरताना आवाज नको, मांजरासारखं उतर. पहिल्या आठवड्यात खोक्याची कड लागून तिच्या दोन्ही नडग्या सोलल्या. तिनं हळद लावली आणि दुसऱ्या दिवशी परत आली.

एकदा सर विसरलेला मोबाईल न्यायला परत आले आणि ही खोक्यावर.

"मावशी, नॉन-मेंबर अलाऊड नाही. आणि पोरीच्या जातीनं एवढं उडू नये. गुडघे गेले तर लग्नाला कोण विचारणार?"

मी म्हटलं, "सर, तुम्हाला या खोक्यावर चढलेलं मी अजून बघितलं नाही."

"मी कोच आहे," सर म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून दुपारी कुलूप, माझा पोछा रात्री. वैशालीच्या भरतीला तीन महिने राहिलेले.

मी सरळ शेठकडे गेले आणि गच्चीवर पडलेला तो गुलाबाचा खोका मागितला. शेठना जागा मोकळी होतेय याचाच आनंद. रिक्षात घालून घरी आणला आणि उलटा ठेवला. खालच्या बाजूला मिस्त्रीनं सनमायका लावला नव्हता, नुसतं खरखरीत प्लायवूड. पाय पक्का बसायचा. खोका हलू नये म्हणून आत चादरी कोंबल्या.

रोज संध्याकाळी गल्लीत ही उड्या मारायची. सकाळी शेजारीण त्याच्यावर पापड वाळवायची. पापड उचलायला उशीर झाला तर वैशाली पापडांवरून उडायची, आणि एकही मोडायचा नाही.

*

भरतीच्या दिवशी मी ग्राउंडच्या गेटबाहेर उभी. वैशाली बाहेर आली ती केसांत रेती घेऊन. म्हणाली, "आई, खड्ड्याच्या पार टोकाला गेले."

यादी लागली, नाव होतं.

आठवड्यात जिमच्या जिन्याखाली फ्लेक्स लागला. 'आमच्या जिमची शान, कुमारी वैशाली. मार्गदर्शक, विकी सर.' आता मेंबरच नव्हती तर तिचा फोटो कुठून आणणार? शेठच्या मोबाईलमध्ये एकच निघाला, जिमच्या वाढदिवसाचा. मी केक वाटत होते म्हणून माझा लांब दांड्याचा पोछा ही धरून उभी होती, तोंड वाकडं करून. फ्लेक्सवाल्यानं शेजारची बादली कापली, मला कापलं, कमरेखालचं सगळं कापलं. दांडा तेवढा हातात राहिला.

बारवी धरणाकडून रानभाजी घेऊन येणारी पार्वतीबाई टोपली उतरवून फ्लेक्सकडे बघत राहिली. एवढ्यात सरही जिना उतरून आले.

"गो बाय," ती मला म्हणाली, "ट्रेनिंगच्या आधीच काठी दिली सरकारनं?"

मी सरांकडे बघितलं. "सरकारची नाय. घरची आहे."