ओढून आणलेलं जहाज

आमच्या जगतपुऱ्याच्या सोसायटीत नौदलातले दोनच म्हातारे. एक मी आणि दुसरे समोरच्या फ्लॅटमधले सातारकर काका. पण ‘नेव्हीवाले अंकल’ म्हणजे फक्त ते. झेंडावंदन त्यांच्या हस्ते, गणपतीची पहिली आरती त्यांच्या हस्ते. का, तर ते युद्धनौकेवर होते. मी टगवर. बंद पडलेली जहाजं भर समुद्रातून ओढून आणायची, तोफांच्या सरावासाठी लक्ष्य ओढत न्यायचं, ही आमची कामं. टगचा फोटो कोण भिंतीवर लावतो?

माझी नात तर एकदा म्हणाली, “आजोबा, मतलब तुमचं जहाज बाकी जहाजांचं क्रेन होतं ना?” अंगाचा नुसता तिळपापड झाला. हिला बारशापासून मी खेळवली, आणि शाळेत नौदल दिनाला पाहुणे म्हणून हिने नाव सुचवलं सातारकर काकांचं!

माझ्याकडे हुकमाचा पत्ता होता. त्यांच्या टोपीवरचं जहाजाचं नाव मी पहिल्याच दिवशी लिफ्टमध्ये वाचलं होतं. इंजिन बंद पडून ते जहाज अरबी समुद्रात हेलकावे खात होतं, तेव्हा ते ओढून आणलं आमच्या टगने. हे मी तीन वर्षं पोटात ठेवलं होतं. आता शाळेत, सगळ्यांदेखत उठून सांगायचं ठरवलं. येऊ दे बच्चमजींची वरात खाली, म्हटलं. इस्त्रीचा सदरा घालून पुढच्या रांगेत जाऊन बसलो.

काकांनी नेमकी तीच गोष्ट काढली. टगवाल्यांनी दोर कसा दिला, मग दुसऱ्या दिवशी दुपारी तो कसा तुटला. उठायच्या बेतात असलेला मी पुन्हा खुर्चीला टेकलो.

ओढताना दोर टगच्या कडेवर एकाच जागी घासत राहतो. म्हणून प्रत्येक पाळीत तो थोडा थोडा पुढे सोडायचा, म्हणजे घासायची जागा बदलते. काम एवढंसंच. त्या दुपारी पाळी माझी होती. आणि मी दुर्बीण लावून त्यांच्या डेकवरचे कडक गणवेश बघत होतो. आम्ही ग्रीसने बरबटलेले, आणि ज्यांना फरपटत नेतोय त्यांचा थाट बघा, असं मनातल्या मनात जळत बसलो. दोर सोडायचा राहिला. आमच्या कॅप्टनने नोंदवहीत दोर तुटायचं कारण ‘खवळलेला समुद्र’ असं लिहिलं आणि मी तोंड उघडलं नाही. कोणाला काही झालं नव्हतं, असंच मी धरून चाललो होतो.

काकांनी खुर्चीत बसूनच पँट गुडघ्यापर्यंत वर घेतली. नडगीवर लांब, खोल व्रण होता. जहाजावर वीज नव्हती, तुटलेला भिजका दोर माणसांनी हाताने वर ओढला, त्याच्या वेढ्यात पाय सापडला. बढती गेली, समुद्र सुटला, उरलेली नोकरी गोदामात काढली.

“पण ते टगवाले,” काका म्हणाले, “तसल्या लाटांत पुन्हा जवळ आले आणि दुसरा दोर दिला. मी आज आहे तो त्यांच्यामुळे. त्यातला एक जरी भेटला तरी पाया पडेन मी त्याच्या.”

नात ताडकन उभी राहिली. “आजोबा, तुम्ही होता त्या टगवर?”

सगळा हॉल माझ्याकडे वळला. काकाही बघत होते, डोळे पाणावलेले. तीन वर्षं मला जे हवं होतं ते सगळं समोर होतं.

“नाही गं,” मी म्हटलं. “ती दुसरी टग.”

तिचा चेहरा उतरला. “कोई बात नहीं,” म्हणून तिने माझा हात थोपटला आणि पळत मंचावर गेली. काकांना पायऱ्या उतरायला तिने आपला खांदा दिला. काय सांगू, त्या क्षणीसुद्धा मला त्यांचा हेवाच वाटला.