नाताळचं ताट

बुलढाण्याच्या टोकाला असलेल्या आमच्या वसाहतीत मोकळी जागा एकच, चर्चचं आवार. साऱ्यांची बारशी, साखरपुडे, हळदी तिथल्या कडुनिंबाखाली व्हायच्या. खुर्च्या चर्चच्या, पाणी चर्चच्या बोअरचं. इतक्या वर्षांत तिथं जेवून कुणी बाटलं नाही. त्या डिसेंबरात मात्र 'तिथं धर्म बदलवतात' अशी आवई उठली आणि ऐन प्रार्थनेच्या वेळी पोरांचं टोळकं फाटकाशी येऊन उभं राहिलं. "पुढच्या रविवारी इथं कुलूप पाहिजे," असा दम दिला. पुढच्या रविवारी नाताळ होता. दम देणारा आमच्या शेजारच्या मावशींचा मुलगा.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी आईनं नेहमीसारखी फराळाची ताटं भरली. त्यात एक मावशींकडचं. मी भडकले. "त्यायच्या घरी काऊन?"

"सण हाय. ताट जाईनच," ती म्हणाली.

ताट घेऊन निघाले खरी, पण वाटेत सारखी रीत आठवत होती. आमच्याकडे दुसऱ्याचं ताट रिकामं परत देत नाहीत. ठेवून घेतात आणि संक्रांतीला तिळगूळ घालून पाठवतात. तिथल्या तिथं रिकामं करून हाती दिलं की समजायचं, संबंध संपला. मावशींनीच पाठ फिरवली तर उद्या आमच्या बाजूनं उभं राहायला कुणीच उरणार नव्हतं.

मुलगा अंगणात मोबाईल बघत बसला होता. त्यानं मान वर केली नाही. मावशी ताट घेऊन आत गेल्या. मग नळ सोडल्याचा आवाज आला, भांडं घासल्याचा आला. त्या बाहेर आल्या तेव्हा हातात तेच ताट होतं, धुतलेलं, रिकामं.

पण त्यांनी ते मला दिलंच नाही. मुलाच्या मांडीवर ठेवलं.

"सकाळी याच्यात पुरणपोळ्या देईन. चर्चात तूच घेऊन जाय."

"मी? पोरं काय म्हणतीन?"

"तुह्यं बारसं त्याच निंबाखाली झालं. हे सांग त्यायले."

सकाळी टोळकं आलं, कुलूप घेऊनच. मी आतून कडी लावून फाटकाशी उभी होते. एवढ्यात मावशींचा मुलगा आला. दोन्ही हातांत भरलेलं ताट, मान खाली. पोरांनी त्याला वाट दिली. मला त्याची जराही दया आली नाही. तो कडीकडे बघत राहिला. हात मोकळा नव्हता.

"ताई," तो म्हणाला, "फाटक उघड नं."